मान बगलेत धरून

अकोला, ताजनापेठ
२० ऑक्टोबर १९६३

श्रावण,

माझा सलाम आणि तुला जयभीम. अक्षरावरून तू मला ओळखणार नाहीस, कारण माझं अक्षर तू कधी पाहिलेलंच नाही. मी ताहेर. पिंजारी. ज्याला तू पाच वर्षं गावोगाव उचलून आपटलंस तो.

पत्र वाचून झालं की चुलीत घाल. आपली ओळख आणि खेळातलं ठरवणं कुणाला कळू द्यायचं नाही, ही खुशालरावांनी आपल्या दोघांना घातलेली शपथ मी विसरलेलो नाही. त्यांची फ्रीस्टाईल कंपनी बंद पडून चार वर्षं झाली, ते स्वतः कुठं आहेत कुणास ठाऊक, तरी हे पत्र पेटीत टाकताना मी मागं-पुढं पाहून घेणार आहे. सवय जात नाही.

सहज लिहितोय. काम काही नाही.

दिवाळी सरली, हवेत गारठा आला आणि लोकांना एकदम रजया आठवल्या. परवा संध्याकाळी दुकानात कापूस पिंजत बसलो होतो. शेजारच्या नत्थुजी पानवाल्यांच्या ओट्यावर नेहमीची मंडळी जमली आणि विषय कुठूनसा आपल्या कुस्त्यांवर आला. नत्थुजी म्हणाले, "आता रात्रीची काय मजा राह्यली बाप्पा? जेवलं का झोपा. तवा कुस्ती राहे. भोंगा वाजला का आमी कांबळं खांद्यावर टाकून निंघो. शेवटची जोड लागे तवा अर्धी रात होये, पण एक माणूस उठत नसे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू लय हरामखोर होता बरं ताहेर. तुह्या त्या काळ्या नकाबले पाह्यलं का माह्यं रगत उकळे." असं म्हणून त्यांनी मला पान लावून दिलं. आता आपल्याच गावचा माणूस म्हणून माझ्यावर त्यांची माया आहे, पण रगत उकळायचं तेही खरं.

मग माझंही कामात लक्ष लागेना. दिव्यांभोवती फिरणारी पाखरं आठवली. कनातीआडच्या बायका मला ज्या शिव्या द्यायच्या त्या आठवल्या. तशा शिव्या नंतर कुणी दिल्या नाहीत. आणि आपली ती गादी. खालच्या लोकांना वाटायचं, नकाबातला काबूलचा जल्लाद दुपारी कच्चं मांस खाऊन झोपला असेल. जल्लाद बिचारा गोण्यांच्या आड बसून गादीचे टाके उसवायचा आणि आदल्या रात्री कापसाच्या झालेल्या गाठी सोडवायचा. पडायचं मलाच होतं ना.

खुशालरावांचा कायदा आठवतो का? तू पुढच्या डब्यात, मी मागच्या. तुझा चहा स्टेशनासमोर, माझा गोदामात. नायक आणि खुनी एका बाकावर दिसले तर उद्या तंबूकडे कोण फिरकेल, असं ते म्हणायचे. म्हणून मग आपण दोघं बोललो ते फक्त गादीवर. तू माझी मान बगलेत धरायचास, माझा कान तुझ्या तोंडापाशी यायचा, लोक "मार, मार" ओरडायचे आणि तू विचारायचास, "जेवला काय बे?" कारंज्याला तू माझ्या पाठीवर बसून माझा पाय मागं ओढला होतास. मी लोकांसाठी बोंबलत होतो. तू हळूच म्हणालास, "ताहेर, परवा नागपूरले दीक्षा घेतली." मी बोंबलता बोंबलताच म्हणालो, "मुबारक." दुनियेत कुणी कुणाला अशी मुबारकबाद दिली नसेल.

आणि ती मनगटाची खूण. पडणाऱ्यानं परवानगी द्यायची. मनगट एकदा दाबलं म्हणजे थांब, दम घेऊ दे. दोनदा दाबलं म्हणजे आता पाड, मी तयार आहे. पाच वर्षं ते दोनदा मीच दाबत आलो.

असो. जैनबबी बरी आहे. पोरगी शहाजादी लग्नाची झाली. तुझ्या घरी माणिकबाईंना सलाम सांगायचा तर कुणाचा म्हणून सांगशील, तेव्हा राहू दे.

ताहेर


अकोला
१२ नोव्हेंबर १९६३

श्रावण,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र पोचले. चुलीत घातले. काम काय ते लिही." खाली नाव नाही. खुशालराव जिवंत असतील तर त्यांनी तुझी पाठ थोपटली असती.

काम आहे हे तू ओळखलंस. गादीवरही माझ्या श्वासावरून तुला कळायचं. तर ऐक.

अमरावतीच्या इतवाऱ्यात कुर्बानभाईंचं गाद्यांचं दुकान आहे. आमच्याच बिरादरीतले. त्यांचा मुलगा तहसीलीत कारकून आहे, सरळ आहे, कमी बोलतो. बडनेऱ्याला एका लग्नात शहाजादीनं त्याला पाहिलं आणि त्यानं तिला. तेव्हापासून ही पोरगी कणीक मळताना गुणगुणायला लागली होती. बायकांचं येणं-जाणं झालं, पसंती झाली. मुलाचा बाप तेवढा यायचा राहिला होता. त्यांना एवढंच ठाऊक की अकोल्याचा कुणी ताहेर पिंजारी आहे, हाताला गुण आहे, घर चांगलं आहे.

गेल्या रविवारी कुर्बानभाई आले. मी दारात सामोरा गेलो, सलाम केला. त्यांनी सरबताचा पेला हातात घेतला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि पेला खाली ठेवला. आपल्या भाषेत म्हणाले, त्याचं मराठी असं: "तूच ना तो? तुझा नकाब फाटला तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. श्रावणभाऊच्या डोळ्यात मिरची टाकणाऱ्याच्या घरचं पाणी मी पिणार नाही."

मी म्हणालो, भाई, तो खेळ होता, आणि ती मिरची नव्हती, गेरू होता. ते म्हणाले, "त्याचे डोळे मी माझ्या सुरईनं धुतलेत. लालभडक होते. मला गेरू सांगतोस?" आता गेरूनं डोळे लाल दिसणार नाहीत तर काय हिरवे दिसतील? पण माझं ऐकतो कोण. खुन्यानं मी खून केला नाही म्हटल्यानं काय होतं.

तुला तो माणूस आठवत असेल. नकाब फाटला त्याच्या आदल्या रात्रीचा खेळ, अमरावतीचाच. मी गेरूची मूठ तुझ्या तोंडावर मारली, तू डोळे धरून कोलमडलास, आणि एक दाढीवाला सुरई घेऊन दोरांतून आत घुसला. खुशालराव त्याला हाकलायला धावले, आणि तू कण्हता कण्हता मला म्हणालास, "येच्या मायले, हा तर खरंच धुवून राहिला." मला हसू आवरेना म्हणून मी पाठ फिरवली. लोकांना वाटलं, जल्लादाला काळीज नाही.

तर ते कुर्बानभाई. कुस्तीचा विषय निघाला की म्हणे त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. तशा रात्री पुन्हा होणार नाहीत म्हणतात. तुझं नाव ते पिराचं नाव घ्यावं तसं घेतात. मी सांगून उपयोग नाही. तू सांगितलंस तर ऐकतील.

शहाजादीला आम्ही कारण सांगितलं नव्हतं, पण भिंती पातळ आहेत. तिनं ऐकलं. आता कणीक मळते, गुणगुणत नाही. जमलेलं मोडलं की पोरीच्या मागं काय बोलतात ते तुला सांगायला नको. तुझ्याकडे मागणं एवढंच आहे की एकदा इतवाऱ्यात जा आणि ती कुस्ती ठरवलेली होती हे त्यांना सांग. तुझ्याकडून काय मागतोय ते मला कळतंय.

ताहेर


अकोला
१५ डिसेंबर १९६३

श्रावण,

महिना झाला. एक कार्ड टाकलं असतंस तर हात झिजला नसता. चिडलो होतो, आता नाही. म्हणून लिहितोय.

इथला एक रुईवाला अमरावतीला गेला होता. फ्रेझरपुऱ्यात तुझ्या शेडवरून आला. म्हणाला, शेडमध्ये माती घालून आखाडा केलाय, संध्याकाळी वस्तीतली पोरं येतात, भिंतीवर तुझा जिंकलेल्या ढालीसकटचा फोटो आहे आणि पोरं त्याला हात लावून मातीत उतरतात. सडकेच्या खात्यात तू मुकादम आहेस, पण वस्तीत तुला कुणी मुकादम म्हणत नाही, पैलवान म्हणतात.

हे ऐकलं आणि मला माझीच लाज वाटली. तुझ्यासाठी नकाबाच्या त्या रात्री अख्खी अमरावती खुर्च्यांवर उभी राहिली होती. खुर्च्यांवर कोण होते आणि तुझ्या वस्तीतले लोक कुठं उभे होते, ते मी नकाबाच्या भोकांतून पाहिलंय. तुझ्या बापाला ज्यांनी कधी दारात उभं केलं नसतं ते तुझ्या नावानं घसा फोडत होते. ते सगळं ठरवून होतं असं आता त्या पोरांना सांगायचं? माझ्या पोरीच्या लग्नासाठी?

नको जाऊस. शहाजादीचं होईल कुठंतरी.

एक सांगतो, हसू नको. आठ दिवसांपूर्वी मी स्वतः निघालो होतो. जैनबबी म्हणाली होती, "दुनियाभर पडून आले, आता पोरीसाठी एकदा उभे राहा." म्हणून गाडीत बसलो. बडनेऱ्याला उतरलो, चहा प्यालो. गेल्या साली रजईच्या कापडासाठी अमरावतीला आलो तेव्हा तुझ्या भक्तांनी मला जवाहर रोडवर पळवलं होतं, ते आठवलं. चहावाल्यानं माझ्याकडे दोनदा पाहिलं. मी परतीच्या गाडीत बसलो. काबूलचा जल्लाद एका चहावाल्याला भिऊन घरी आला. जैनबबीनं विचारलं, भेटले का? मी म्हणालो, दुकान बंद होतं. तिला कळलं असेल. तिनं गरम भाकरी वाढली, त्याचंच जास्त लागलं.

मागं लिहिलं होतं ते विसरून जा. थंडीत पाठ दुखत असेल तर गरम मीठ बांध. माझीही दुखते.

ताहेर


अकोला
१० जानेवारी १९६४

श्रावण,

अरे काय माणूस आहेस तू.

काल दुपारी कुर्बानभाई दारात हजर. हातात बालुशाहीचा पुडा. मी उठून उभा राहिलो, मनात म्हटलं, आता काय राहिलंय. ते आत आले, सरबत स्वतः मागितलं, घटाघटा प्यायले आणि म्हणाले, "श्रावणभाऊ दुकानात आला होता."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तू कामावरची खाकी घालून गेलास. त्यांनी गादी झाडून दिली तर तू बाकावर बसलास. गेरूचं सांगितलंस. मनगटाचं सांगितलंस. कोण कुठं पडणार ते खुशालराव दुपारी खडूनं पेटीवर काढून दाखवायचे, तेही सांगितलंस. म्हणालास, "कुर्बानभाई, ताहेरनं मले कधी खरचटू देलं नाही. गादी तोच भरे. माह्या पाठीखाली जास्त कापूस तोच घाले."

हे तुला माहीत होतं? मला वाटायचं तुला कळत नाही.

मी कुर्बानभाईंना म्हणालो, मग आता पटलं ना भाई? तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परत मिरची टाकलीय. म्हणाले, "ताहेरमियाँ, मी काय खुळा आहे? डोळे मी धुतलेत. तो माणूस दुश्मनाच्या मुलीचं घर बसावं म्हणून स्वतःच्या नावावर चिखल उडवून घेतोय, माझ्यासमोर बसून म्हणतोय की मी जिंकलोच नाही. असा माणूस मी पाहिला नाही. तो एवढं खोटं बोलला, तर त्याच्या खोट्याची लाज मला राखली पाहिजे. ईद झाली की निकाह."

मी तोंड उघडलं होतं. खरं सांगणार होतो, अल्लाची शपथ. तेवढ्यात आतून जैनबबीनं पातेलं खाली टाकलं. असं पातेलं तिनं लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी टाकलं नाही. मी तोंड मिटलं आणि बालुशाही खाल्ली.

तेव्हा आता असं आहे, पैलवान. तू खरं सांगितलंस ते खोटं ठरलं, आणि त्या खोट्यावर माझ्या पोरीचं लग्न ठरलं. मी मरेपर्यंत मिरचीवालाच राहणार. राहीन. शहाजादी आज सकाळपासून गुणगुणतेय.

एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली. तू दोन महिने का गप्प होतास ते तिच्यावरून कळलं. तू म्हणे आधी आखाड्यातल्या पोरांना गोळा करून सगळं सांगितलंस, त्यांच्याआधी दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही म्हणून. कुर्बानभाईंना वाटतं की तू पोरांनाही पढवून ठेवलंस, एवढा पक्का. पण पोरं काय म्हणाली तेही त्यांनी सांगितलं. एकजण म्हणाला, "मंग आमाले तसं पडणं शिकवा ना." तू फोटो काढून ठेवायला गेलास तर त्यांनी काढू दिला नाही.

हे ऐकलं तेव्हा मी दुकानात जाऊन पिंजण घेऊन बसलो. कापसाची धूळ डोळ्यांत जाते म्हणायला बरं पडतं.

ताहेर


अकोला
२० फेब्रुवारी १९६४

श्रावण,

ईद झाली. निकाह ८ मार्चला, रविवारी, आमच्याच गल्लीत मांडव घालून. कुर्बानभाई तुला वरातीत सोबत आणणार आहेत. ते तुला आमंत्रण देतील, पण मुलीच्या बापाचं आमंत्रण वेगळं. ते हे. माणिकबाईंनाही आण.

आता अडचण सांगतो. नत्थुजींना कळलंय. त्यांनी ओट्यावर जाहीर केलं, "तो श्रावण अकोल्यात पाय तर ठेवू दे. आमच्या माणसाचा नकाब फाडते म्हंजे काय?" चार पोरांनी काठ्यांना तेल लावून ठेवलंय. मी समजावलं तर मलाच म्हणतात, "तू गरीब आहे ताहेर, तू गप राय." गरीब. मी. ज्याच्या नावानं बायका पोरांना झोपवायच्या तो.

आणि शहाजादी. तिनं ऐकल्यावर सुई खाली ठेवली. "तो आदमी माझ्या लग्नात काहून?" कंपनी बंद पडली त्या साली ती तेरा वर्षांची होती. शाळेत पोरी तिला चिडवायच्या, तुझ्या बापाचं तोंड अमरावतीत उघडं पाडलं म्हणून. तेव्हापासून तुझं नाव आमच्या घरात काढायची सोय नव्हती.

मी तिला त्या रात्रीचं सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं, शपथ होती. पण तू मोडलीस, मग मीही मोडली.

सांगितलं की त्या दिवशी दुपारी तार आली होती, शहाजादीचा मुदतीचा ताप उतरत नाही, ताबडतोब या. खुशालराव म्हणाले, आज नकाब फाडायचा आहे, सगळी अमरावती आलीय, खेळ झाल्यावर जा. खेळ झाल्यावर गाडी नव्हती. मी तसाच गादीवर चढलो. तू मान बगलेत धरलीस आणि विचारलंस, "अंग काहून कापून राह्यलं?" मी सांगितलं. तू म्हणालास, "मंग इथं काय करून राह्यला बे तू?" अजून अर्धा खेळ बाकी होता. मनगट मी दाबलंच नव्हतं. पहिल्यांदाच तू परवानगीशिवाय मला पाडलंस, नकाब ओढून काढलास आणि कानात म्हणालास, "पळ. मागच्या कनातीतून. टांगा घे." मी पळालो. लोक हुर्यो करत मागं धावले. त्यांना वाटलं, जल्लाद तोंड लपवून पळाला. बडनेऱ्याला मी सुटलेल्या गाडीचा दांडा धरला, अंगावर तेच काळे कपडे होते.

पुढं कंपनीच उठली. आपण भेटलो नाही. तू विचारायचं राहिलं, मी सांगायचं राहिलं.

शहाजादीनं सगळं ऐकलं. परत सुई उचलली आणि शिवायला लागली. ती तिच्याच गादीचं कापड शिवतेय, लाल फुलांचं. कापूस मी आणलाय, यंदाचा, पहिल्या वेचणीचा. तख्तावर निकाहाला तीच गादी घालणार आणि मग ती अमरावतीला जाणार. पिंजताना त्यात एक गाठ ठेवणार नाही.

तू ये. काठ्यांचं मी पाहतो. म्हणजे पाहीन असं वाटतं.

ताहेर


अकोला
१० मार्च १९६४

श्रावण,

तू जेवण अर्धं टाकून गाडीसाठी गेलास, तेव्हा मागचं सांगतो. आणि तुझ्यासमोरचंही थोडं सांगतो, कारण तू त्यातला बराच वेळ डोळे मिटून पडला होतास.

तुम्ही मोटारीतून उतरलात तेव्हा मी आधी काठ्या मोजल्या. नवरदेवाआधी तुझ्या गळ्यात हार. नत्थुजी हाताची घडी घालून उभे, काठ्या भिंतीला. निकाह पार पडला, छुहारे वाटले, तरी कुणी मोकळं हसेना. अमरावतीचे एका बाजूला, अकोल्याचे दुसऱ्या. मग कुर्बानभाई तख्तावर चढले आणि खुशालरावांच्या भोंग्याच्या वर आवाज काढला, "श्रावणभाऊनं माफ केलंय. ताहेरमियाँ, या. हात मिळवा."

मी आलो. माफी घ्यायला आलो, मान खाली घालून. तू हात धरलास, मग हात सोडून मनगट धरलंस. आणि दोनदा दाबलंस.

मला वाटलं, चुकून. इतकी वर्षं झाली, खूण विसरला असेल. ते दाबणं माझ्याकडचं होतं ना. तू परत दोनदा दाबलंस आणि मला मिठी मारून कानात म्हणालास, "उचल ना बे. पोरगी चिकाच्या पडद्यातून पाहून राह्यली."

माझी पाठ आता पाठ राहिलेली नाही, हे तुला माहीत आहे. पण मी कमरेत हात घातला आणि तू उडी मारलीस. उडी पडणाऱ्यानं मारायची असते, ती मी पाच वर्षं मारली, तुझी कधी दिसली नव्हती. चांगली मारलीस, थोडी लवकर. तू माझ्या खांद्यावर आलास आणि सगळा मांडव ओरडला. तुझी माणसं ओरडली, माझी ओरडली, नत्थुजींची काठी पडल्याचा आवाज मी ऐकला. मी तुला शहाजादीच्या गादीवर आपटलं. आपटलं म्हणजे ठेवलं. तू हातपाय पसरून असा पडलास की मी एवढं वाईट सोंग कधी केलं नव्हतं. मी तुझे खांदे दाबून धरले. आणि कुर्बानभाईंना राहवलं नाही. तख्तावर हात आपटत त्यांनी मोजलं, एक, दोन, तीन.

मग सगळे हसले. अमरावतीचेही, अकोल्याचेही. नत्थुजी तर खाली बसून हसले. तू गेल्यावर कुर्बानभाई प्रत्येकाला सांगत होते, "पाहिलंत? मुलीच्या बापाची इज्जत राखायला मुद्दाम पडला." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुस्ती बरोबर ओळखली.

ओट्यावर आता दुसरा विषय नाही. नत्थुजी म्हणतात, तशी रात्र परत आली, फक्त दुपारी आली.

पण मला सांगायचं ते वेगळं आहे. मी तुझ्यावर वाकलेलो असताना, कुर्बानभाईंचं "दोन" आणि "तीन" यांच्यामध्ये, तू डोळे मिटलेले ठेवून ओठ न हलवता मला विचारलंस, "पोरीचा ताप उतरला काय बे?"

मी तिथंच, तुझ्या छातीवर डोकं ठेवून रडलो. लोकांना वाटलं, माफी मिळाली म्हणून रडतोय. वाटू दे.

संध्याकाळी शहाजादी निघाली. गादीला मधोमध तुझ्या पाठीचा खोलगा पडला होता. मी म्हणालो, थांबा, हात मारून सारखी करून देतो. ती म्हणाली, राहू द्या. मोटारीत बसण्याआधी ती माझ्या गळ्यात पडली आणि विचारलं, "अब्बा, ते तुमच्या कानात काय बोलले?"

मी सांगितलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मी म्हणालो, काही नाही बेटा, मी रडत होतो.

ती म्हणाली, "असं कसं? सांगायचं ना त्यांना." आणि मोटारीत बसताना म्हणाली की तूर्त तुम्ही लिहून कळवा, मी फ्रेझरपुऱ्यात जाऊन त्यांना स्वतः सांगीन.

ती येईल तेव्हा येईल. तिच्याआधी मी सांगतो. उतरला, श्रावण. तू पळ म्हणालास, मी गाडी पकडून पहाटे घरी पोचलो, तिच्या उशाशी बसलो, आणि ऊन वर यायच्या आत तिला घाम फुटला. तिनं डोळे उघडून पाणी मागितलं. ताप तेव्हाच उतरला.

तुझा
ताहेर